मामांच्या चाकांवरच्या घरातले पाणी

पाणी गोठते हे आपण शाळेत शिकतो. पण नळीतले पाणी गोठून नळी फुटते, हे आम्हां कोकणातल्या पोरांना सांगून खरे वाटत नाही. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, मामांकडे गेलो. त्यांच्यापाशी 'आर. व्ही.' आहे, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणी, संडास असे सगळे असलेले चाकांवरचे घर. त्या राज्यात टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता! तेव्हा हिवाळ्यापूर्वी गाडीतल्या नळ्यांची व्यवस्था लावणे आलेच.

पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते. नळी त्या बर्फाच्या जागीच फुटत असेल, अशी माझी समजूत. मामांनी ती खोडून काढली. "अरे, बूच बसते एकीकडे आणि फुटते दुसरीकडे!" बर्फ वाढू लागला की बर्फाचे बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेले पाणी दाबले जाते. त्याला पळायला वाट नसते. मग जिथे सांधा कच्चा, तिथे तडा. घरात लोक थंडीच्या रात्री तोटी बारीक सोडून ठेवतात. गाडीत ही युक्ती अंगाशी येते, कारण सांडपाण्याची टाकी भरत जाते आणि तिचा निचराही गोठतो.

म्हणून उभ्या गाडीतले पाणी काढूनच टाकायचे. आम्ही टाक्या रिकाम्या केल्या, तळाच्या तोट्या उघडल्या. पाणी तापवायचा बंब आधी थंड होऊ दिला आणि मगच त्याचे बूच काढले. गरम असताना काढाल तर हात भाजलाच म्हणून समजा. तरी वळणावळणांत पाणी उरतेच. तिथे गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रव्य भरायचे. हे प्रोपिलिन ग्लायकोलचे असते. मोटारीच्या इंजिनात सहसा घालतात ते एथिलिन ग्लायकोल विषारी. पिण्याच्या नळीत त्याचा थेंबही नको. बंबात हे द्रव्य फुकट जाऊ नये म्हणून त्याला वगळून जाणारी वाट खुली करतात. मग पंप सुरू करून एकेक तोटी, गरम पाण्याची आणि थंड पाण्याचीही, गुलाबी धार येईपर्यंत सोडायची. मोरीखालच्या वाकड्या नळीतही पेलाभर ओतायचे.

तोट्या सोडण्याचे काम माझ्याकडे होते. मोठ्या रुबाबात केले!

एप्रिलमध्ये मामांचा फोन आला. टाकी भरून पंप लावताच गाडीच्या बाहेरच्या कप्प्यातून धार लागली होती. चिखलाचे पाय धुण्यासाठी तिथे एक फवारा आहे. कप्प्याचे दार बंद होते, मला तो दिसलाच नव्हता. मामींना तळ्याकाठी न्यायचा बेत दोन आठवडे लांबला आणि मामांचा रविवार गाडीखाली आडवे पडण्यात गेला. ते रागावले मात्र नाहीत. त्या दारावर आता मामींनी माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली आहे.