शिंदेशाही शिपायाचा कोट

विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. विडी कामगारांच्या सभांतून घसा कोरडा करणारा माणूस वसंत व्याख्यानमालेत मातीच्या शिपायांच्या कोटाविषयी काय सांगणार? माझे शाळेतले शिक्षण थोडके. जे काही वाचले ते वाचनालयात आणि रेल्वेच्या डब्यात. तरी हा विषय मी घेतला, तो माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे.

पुण्यासाताऱ्याकडे दिवाळीत किल्ले करण्याचा जेवढा प्रघात आहे तेवढा आपल्या गोंदियाकडे नाही. आपल्या मुलांचा जीव तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवर. पण आमच्या वस्तीतली पोरे काही वर्षांपासून किल्ला करतात, आणि त्यावरचे बोटभर उंचीचे शिपाई रंगवण्याचे काम माझ्याकडे येते. एका वर्षी त्यांनी मावळ्यांच्या जोडीला महादजी शिंद्यांची कवायती पलटण मागितली. मी विचार केला, ही पलटण फ्रेंचांनी शिकवलेली, आणि फ्रेंच शिपाई म्हटला की निळा कोट. बाराही शिपाई निळे केले, पायांत काळे बूट चढवले. किल्ला पाहायला आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी एवढेच विचारले, "भाऊ, हा निळा कोट आणलात कुठून?" मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने मला पुढे दोन वर्षे वाचायला लावले.

पहिली गोष्ट अशी की, ज्याला मी फ्रेंच म्हणत होतो तो डी बॉईन त्या काळच्या हिशेबाने फ्रेंच नव्हेच. त्याचा जन्म १७५१ सालचा, शांबेरी गावचा. आणि ते गाव तेव्हा सार्डिनियाच्या राजाच्या मुलखात होते. तरुणपणी तो फ्रेंच सैन्यात शिरला हे खरे, पण शिरला तो आयरिश लोकांच्या पलटणीत. फ्रान्सच्या राजाच्या चाकरीतल्या ह्या आयरिश पलटणी तांबडा कोट घालीत. बाकीच्या बहुतेक फ्रेंच पायदळाचा कोट त्या वेळी पांढरा होता! पुढे तो रशियाच्या सैन्यात गेला, तुर्कांच्या कैदेत पडला, सुटला आणि मद्रासेस येऊन कंपनीच्या देशी पायदळात अधिकारी झाला. देशी शिपायाला कवायत कशी द्यावी हे त्याने तिथे पाहिले, आणि १७८४ मध्ये तो महादजींच्या चाकरीस आला.

मग माझा निळा कोट आला कुठून? तो आला नेपोलियनच्या चित्रांतून. १७८९ च्या क्रांतीत राष्ट्ररक्षक दलाने निळा कोट घेतला, आणि १७९३ पासून तो सर्व पायदळाचा झाला. पण तोही अखंड टिकला नाही. त्या रंगाला नीळ लागे, ती समुद्रापलीकडून येई, आणि समुद्र इंग्रजांच्या हाती. तेव्हा १८०६ मध्ये नेपोलियनने पायदळाला पुन्हा पांढरा कोट देण्याचा हुकूम काढला. काही पलटणींना तो मिळालाही. वर्ष-दीड वर्षात हुकूम मागे पडला. आयलाऊच्या लढाईत पांढऱ्या कोटांवरचे रक्त पाहून बादशहाचे मन पालटले, अशी एक गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. चिखलातून चालणाऱ्या माणसाला पांढरा कोट देण्याचा खर्च आणि धुण्याची कटकट हेच कारण पुरेसे वाटते. म्हणजे १८०७ चा फ्रेंच शिपाई रंगवायचा तर नुसते सालही पुरत नाही, पलटणीचा आकडाही ठाऊक असावा लागतो.

इथे माझा धंदा मला उपयोगी पडला. हजार विड्यांमागचा किमान दर सरकार ठरवते आणि तो छापून निघतो. पण विडी वळणाऱ्या बाईच्या हातात काय पडते हे त्या कागदावरून कळत नाही. ते सट्टेदाराच्या ओट्यावर बसून, छाट किती काढली, पत्ता किती कमी दिला हे मोजल्यावर कळते. गणवेषाचेही तसेच आहे. फ्रान्समध्ये १८१२ साली गणवेषाचे नवे नियम निघाले. कोट आखूड झाला, छातीवर पुढून बंद झाला. कार्ल व्हर्ने ह्या चित्रकाराने त्याची सुरेख चित्रेही काढली. पण ती चित्रे म्हणजे दरपत्रक. जुना कोट फाटेपर्यंत शिपायाने तोच वापरला, आणि नियम ठरतात न ठरतात तोच रशियाची मोहीम सुरू झाली. चित्र बरहुकूम रंगवले तर नियम रंगवला जातो, माणूस नव्हे.

म्हणून जाणते लोक साक्षीदार शोधतात. जर्मनीत हँबुर्ग शहरी सूर नावाचे चित्रकार बंधू होते. त्यांच्या शहरात फ्रेंचांचा तळ पडला, तेव्हा रस्त्याने जाणारे शिपाई त्यांनी जसे दिसले तसे काढून ठेवले. त्याहून बोलका पुरावा २००१ मध्ये लिथुआनियाच्या विल्निअस शहरी निघाला. बांधकामासाठी जमीन खणताना रशियातून परतताना मेलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांची हाडे सापडली. त्यांच्याजवळ कापडाच्या चिंध्या होत्या, आणि पलटणीचे आकडे कोरलेली बटणे होती. कोणती पलटण तिथवर पोहोचली हे बटण सांगते. खोटे बोलण्यात त्याचा काही स्वार्थ नाही.

आपल्या शिपायासाठी असेच साक्षीदार पाहावे लागतात. ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि त्यातली रंगीत चित्रे देशी चित्रकाराच्या हातची आहेत. साक्ष मोलाची, मात्र डी बॉईन १७९५ मध्येच निघून गेला होता, हे अंतर विसरून चालत नाही. दुसरा साक्षीदार म्हणजे एक शब्द. ह्या कवायती शिपायांना लोक "तेलंगे" म्हणत. कंपनीचे पहिले शिपाई तेलंगणाकडून उत्तरेत गेले, त्यावरून कंपनीच्या थाटाचा पोशाख करणारा कोणीही शिपाई तेलंगा ठरला. डी बॉईनच्या पलटणींची जी वर्णने युरोपियनांनी केली आहेत, त्यांतही तांबडा कोट आणि काळे चामडी पट्टे येतात. शब्द आणि वर्णन जुळले. आसईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या आणि आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा वेलस्लीसमोर उभ्या राहिल्या. शिंद्यांचे हे पायदळ किती चिवट लढले हे शत्रूनेच लिहून ठेवले आहे.

वाचता वाचता एक वेगळीच माहिती हाती लागली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. डी बॉईनने आपल्या शिपायांच्या पगारासाठी दुआबातल्या मुलखाचा वसूल तोडून घेतला होता. पगार वेळेवर होई, आणि जखमी झालेल्याचा पगार न कापता वर जखमेच्या मानाने रक्कम मिळे. भाडोत्री सेनापतीचे गुण गाण्याची मला हौस नाही. पण पलटण फुटत का नव्हती हे कोटाच्या रंगापेक्षा ह्यावरून अधिक कळते.

गेल्या दिवाळीत बाराही शिपाई मी पुन्हा रंगवायला घेतले. निळ्यावर तांबडा थेट बसत नाही, काळपट दिसतो. आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागला. तांबडाही डब्यातला भडक घेतला नाही. उन्हापावसात वर्षभर वापरलेला कोट विटका दिसणार, म्हणून त्यात थोडी काव मिसळली. बुटांचे काय करावे ह्यावर अडलो. त्या काळच्या चित्रांत कंपनीचा शिपाई गुडघ्याच्या वर संपणारी आखूड चड्डी घालतो, आणि पायांत साध्या चपला. शेवटी ब्लेडने बूट खरवडून काढले आणि खालची माती उघडी केली. तिचा रंग पायांना तसाच शोभला.