दारू सोडायची तर आधी हार कबूल करा



उभे पीक अचानक सुकू लागले की आपण काय करतो? एखादे रोप उपटून मूळ बघतो. मूळच कुजले असेल तर पानांवर कितीही फवारे मारा, पैसा वाया जातो. पण घरात दारू शिरली की हेच शहाणपण आपण विसरतो. शपथा, भांडणे, समजूत, मारझोड अशी वरवरची फवारणी वर्षानुवर्षे चालू राहते. मुळाकडे कोणी बघत नाही.

मुळाला हात घालायचा म्हणजे पिणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने एक गोष्ट मान्य करायची: "दारूपुढं माझं काही चालत नाही." व्यसनमुक्तीची सुरुवात इथून होते.

शपथ का टिकत नाही?

कामानिमित्त गावोगाव फिरताना एक वाक्य हमखास ऐकू येते. "साहेब, मनात आणलं तर आज सोडीन." असा माणूस श्रावण कडक पाळतो, महिनाभर थेंबाला शिवत नाही. श्रावण सरला की म्हणतो, "आता एकच घेतो." त्या एकाचे चार कधी होतात हे त्याला कळत नाही. मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. ती मोडली की मनाला टोचणी, आणि टोचणी विसरायला पुन्हा दारू.

दारूचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या मेंदूत बदल होतात. "आता बस" असे सांगणारा लगामच ढिला पडतो. अशा माणसाला नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला सांगणे म्हणजे पाय मोडलेल्या बैलाला गाडीला जुंपणे. "मनात आणलं तर" हा भरवसा जोवर आहे तोवर तो कोणाची मदत घेत नाही. तो भरवसा सुटला की मगच मदतीला हात पुढे येतो.

दोन पिणाऱ्यांची भेट

ही गोष्ट जगाला शिकवली ती दोन दारुड्यांनी. अमेरिकेतील न्यूयॉर्कचे बिल विल्सन शेअर बाजारात काम करायचे. 1935 च्या मे महिन्यात ते अ‍ॅक्रन या गावी धंद्यासाठी गेले आणि सौदा फिसकटला. दारू सोडून पाचएक महिने झाले होते, पण आता पाय घसरणार अशी भीती वाटली. त्यांनी फोनाफोनी करून आपल्यासारखाच एखादा पिणारा शोधला. ते निघाले डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. विल्सन यांनी उपदेश केला नाही, आपण कसे हरलो ते सांगितले. दोघे तासन्‌तास बोलत बसले. डॉक्टर मध्ये एकदा घसरले, पण 10 जून 1935 नंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानतात. तिच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी हीच: दारूपुढे आपण हतबल आहोत आणि आयुष्याचा लगाम हातून सुटला आहे, हे मान्य करणे. आज आपल्याकडेही तिच्या बैठका भरतात. तिथे फी नाही आणि नाव गुप्त राहते.

आपल्या मातीला हे नवे नाही. माळ घालून दारू सुटलेली माणसे तुमच्याही गावात असतील. नीट विचारून बघा. "माझ्यानं होत नाही, तूच सांभाळ" असे म्हणून जो पांडुरंगाला शरण गेला आणि पुढे भजनाची, दिंडीची संगत धरून राहिला, त्याची बहुधा टिकली. बायकोच्या धाकाने ज्याने माळ घातली, त्याची पुढच्या बाजारालाच खुंटीवर गेली.

हार कबूल केली म्हणजे जबाबदारी सुटली असे मात्र नाही, बरं का! सोसायटीचे कर्ज त्याचेच, लेकरे त्याचीच. दारूपुढे हतबल असला तरी दवाखान्यात जायला तो हतबल नाही.

घरच्या माणसांनी

घरच्यांनाही हीच कबुली द्यावी लागते. त्याची दारू तुमच्यामुळे लागली नाही आणि तुमच्या रडण्याने सुटणारही नाही. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी घरच्यांसाठी 1951 साली 'अल-अ‍ॅनॉन' सुरू केले ते यासाठीच. गुत्त्याची उधारी गुपचूप फेडणे आणि चार लोकांत खोटे सांगून पांघरूण घालणे थांबवा. मारहाण मात्र सोसू नका. स्वतःला आणि लेकरांना आधी सुरक्षित करा.

'रुग्णाला न कळता दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलू नका. चहा-भाजीत चोरून काय घातले जाते याचा भरवसा नसतो. डायसल्फिराम हे औषध अंगात असताना दारू प्याल्यास जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते.

आणखी एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर काही तासांतच हात थरथरतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होऊन भ्रम होतो. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून त्याला घरात कोंडू नका, सरकारी दवाखान्यात न्या.

गावकारभाऱ्यांनी

सरपंच, पोलीस पाटील मंडळींनो, ठराव करून गावातली बाटली आडवी करा, चांगलेच आहे. पण शेजारच्या गावात ती उभीच असते. म्हणून पिणाऱ्या माणसाशीही बोला. चावडीवर पाणउतारा केल्याने तो आणखी लपून पितो. सकाळी शुद्धीत असताना एकट्याला गाठा. शक्यतो ज्याची सुटली आहे असा माणूस बरोबर न्या आणि त्यालाच बोलू द्या. केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे दांपत्याच्या मदतीने सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

एखादा गडी खाली मान घालून म्हणाला, "माझ्यानं सुटत नाही," तर त्याला हसू नका आणि "उद्या बघू" असेही म्हणू नका. त्याच दिवशी त्याला घेऊन दवाखान्याची वाट धरा. वाफसा निघून गेल्यावर पेरणी साधत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे!