मोटारीच्या आतले चरे

व्यापारी कुटुंबातील मोटार केवळ प्रवासापुरती नसते. भिवंडीहून आणलेले कापडाचे तागे, उल्हासनगरहून उचललेली तयार कपड्यांची खोकी, सणासुदीला दुकानात न मावणारा माल, सारे तिच्या डिकीत आणि मागच्या आसनावर चढते-उतरते. कल्याण-शीळ रस्त्यावर एखादा धक्का बसतो, खोके सरकते आणि दाराच्या आतल्या पॅडवर पांढरा चरा उमटतो. रोजच्या घाईत त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मोटार विकायला काढली, की मात्र गिऱ्हाईक दार उघडताच त्याच्यावरच बोट ठेवते आणि भाव पाडते.

जुन्या फियाटच्या काळी ही कटकट नव्हती. तिचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. ओरखडा उठला तर रंगाचा हात दिला की भागे. १९९०च्या दशकात कल्याण परिसरातच प्रीमियर आणि प्यूजो यांच्या भागीदारीतून ‘प्यूजो ३०९’ या मोटारीची जुळणी होऊ लागली, तोवर मोटारींच्या अंतर्भागात प्लास्टिक स्थिरावले होते.

आजच्या मोटारींतील दारांची पॅडे आणि डिकीची आवरणे बहुधा पॉलीप्रॉपिलीनची असतात. त्यात टाल्कची, म्हणजे शंखजिऱ्याची, भुकटी मिसळलेली असते आणि रंग वरून दिलेला नसून पदार्थातच मुरलेला असतो. चरा पांढरा दिसतो तो रंग निघाल्यामुळे नव्हे. पृष्ठभाग ताणला जाऊन त्यात सूक्ष्म भेगा पडतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरतो. म्हणूनच गडद, खरबरीत पॅडवरचा उथळ चरा पुष्कळदा नुसत्या उष्णतेने मावळतो. पॅड साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे, हीट गन कमी तापमानावर ठेवून वीतभर अंतरावरून सतत फिरती ठेवावी आणि पांढरेपणा मिटू लागताच थांबावे. गरम पृष्ठभागाला बोट लावू नये.

थांबणे येथे फार महत्त्वाचे. पॉलीप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते, तर एबीएस हे दुसरे प्लास्टिक १०५ अंशांच्या सुमारासच मऊ पडते. हीट गनची हवा मात्र ५०० अंशांपर्यंत तापू शकते. क्षणभर अधिक रेंगाळले, की खरबरीत पोत वितळून तेथे चकचकीत डाग पडतो आणि तो मूळ चऱ्याहून अधिक डोळ्यांत भरतो. पॅड निघत असेल तर त्याच्या मागे छापलेली ‘पीपी’ किंवा ‘एबीएस’ ही अक्षरे आधी वाचावीत. वरून रंगवलेल्या, चकचकीत काळ्या किंवा मखमली लेप दिलेल्या भागांवर हा उपाय करूच नये. हे मखमली लेप खाडीकाठच्या दमट हवेत काही वर्षांनी आपोआप चिकट होतात, ती निराळीच डोकेदुखी.

नख अडकेल इतका खोल चरा उष्णतेला दाद देत नाही. त्यासाठी लवचीक पुट्टी, पोताचा ठसा, पॉलीप्रॉपिलीनला रंग धरवणारा खास प्रायमर आणि मग रंग, असे कसबी काम लागते. कारागिराला प्रायमर कोणता, एवढे विचारावे. साध्या प्रायमरवरचा रंग या प्लास्टिकवरून पापुद्र्यासारखा सुटतो. जेथे ‘एअरबॅग’ असे कोरलेले असते, तेथे पुट्टी, रंग, हीट गन यांपैकी काहीही नको. ते आवरण अपघातात ठरलेल्या रेषेवर फाटावे अशीच त्याची रचना असते.

विम्यातून परस्पर भागेल, ही समजूत मात्र हिशेबाने तपासावी. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीची १००० रुपयांची वजावट लागते. समजा, नवे पॅड ६००० रुपयांचे आहे. हाती येतात २००० रुपये. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीचा हप्ता १२,००० रुपये आणि त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस असेल, तर पुढच्या नूतनीकरणात ६००० रुपयांची सवलत जाते. ‘झिरो डेप’ पॉलिसीत घसारा कापला जात नाही, पण बोनसचा प्रश्न उरतोच. नेहमीच्या वापराने आलेली झीज तर कोणत्याच पॉलिसीत बसत नाही. शिवाय चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवरील जीएसटीची वजावट कलम १७(५) नुसार सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. मोटार पेढीच्या नावावर असली तरीही नाही.

पॅड तडकलेच असेल, तर कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्याच मॉडेलचे पॅड मिळू शकते. जाताना जुने पॅड बरोबर न्यावे. डावे-उजवे, खिडकीच्या बटणांची खाच आणि खिळपट्ट्यांच्या जागा समोरासमोर ठेवून जुळवाव्यात, आणि रंग दुकानातल्या दिव्याखाली न पाहता बाहेर उन्हात पाहावा.