कोअर जास्त की वेग जास्त?

जोगेश्वरीच्या एका अंगाला अंधेरीचे स्टुडिओ, दुसऱ्या अंगाला गोरेगावची चित्रनगरी. आपल्या वस्त्यांतील मुलेमुली ॲनिमेशनकडे वळली तर त्यात नवल नाही. पण संगणक हप्त्यांवर घ्यावा लागतो आणि दुकानदार विचारतो, "कोअर जास्त हवेत की क्लॉक स्पीड?" इथे निवड चुकली तर हप्ते फेडत बसायचे आणि काम मात्र अडलेलेच. म्हणून पालकांनी हा विषय समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात. क्लॉक स्पीड म्हणजे त्या हातांचा वेग. तो गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. शंभर भाकऱ्या करायच्या असतील तर एकटीच्या चपळाईपेक्षा चार चुलींवर चौघी बसलेल्या बऱ्या. पण पातेल्यातली डाळ चौघी भोवती बसल्या म्हणून लवकर शिजत नाही. तिथे आचच मोठी हवी.

रेंडरिंग, म्हणजे संगणकाने अंतिम चित्रे तयार करणे, हे भाकऱ्यांसारखे वाटून घेता येणारे काम आहे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे मिनिटाला १४४० लागतात. एका चित्राला १० मिनिटे धरली तर २४० तास, म्हणजे पुरे १० दिवस होतात. वेग ४ वरून ५ गिगाहर्ट्झ झाला तर ८ दिवस लागतील. वेग तोच ठेवून कोअर ८ चे १६ केले तर काम ५ दिवसांच्या आसपास येईल.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. अमेरिकेने हवा तेवढा शक्तिशाली क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' बनवला. एकाच अतिवेगवान प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकदम कामाला लावले, हेच त्याचे बळ.

मात्र मॉडेल घडवणे, पात्र हलवून पाहणे ही कामे बरीचशी एकाच कोअरवर चालतात. ती डाळीसारखी. शिकणाऱ्याचा बहुतेक दिवस यातच जातो. त्याला थोडे कोअर पण चांगला वेग, हेच सोयीचे. घरी रात्रंदिवस रेंडरिंगची कामे घेणाऱ्याने मात्र कोअर वाढवावेत. जास्त कोअर म्हणजे जास्त वीज आणि उष्णता, हेही दहा बाय दहाच्या खोलीत ध्यानात ठेवावे. आणि सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर रेंडर करत असेल तर पैसा आधी कार्डात घालावा.

मुलांना आमचे सांगणे एवढेच: आठवडाभर वहीत लिहा, किती तास हाताने काम केले आणि किती तास रेंडरिंगची वाट पाहिली. मग आपलीच फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन दुकानात जा, तिथल्या संगणकावर ती चालवा आणि घड्याळ लावून पाहा. सही त्यानंतर करा.