खनिज तेलाचा सदुपयोग

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, भर समुद्रात, १९७४ साली 'सागर सम्राट' या यंत्रनौकेने सागरतळाचा वेध घेतला आणि तेथे खनिज तेल लागले. 'मुंबई हाय' हेच ते तेलक्षेत्र. प्राचीन समुद्रातील सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळाखाली गाडले गेले आणि कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेने व दाबाने त्यांचे तेल बनले.

विहिरीतून निघालेले तेल जसेच्या तसे वापरता येत नाही. शुद्धीकरण कारखान्यात ते तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. हा मनोरा तळाशी अतिशय उष्ण, तर माथ्याशी कमी उष्ण असतो. वर चढणाऱ्या वाफा निरनिराळ्या उंचीवर निवतात आणि वेगवेगळी द्रव्ये हाती येतात. माथ्याशी वायू, त्याखाली पेट्रोल व नॅफ्था, मग रॉकेल व डिझेल आणि तळाशी डांबराचा घट्ट गाळ, असा त्यांचा क्रम असतो.

यांपैकी बहुतेक भाग आपण जाळून टाकतो. परंतु तेल हे केवळ जळण नव्हे. नॅफ्थ्यात पाण्याची वाफ मिसळून तो सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की त्याचे मोठे रेणू तुटून इथिलीन नावाचा वायू मिळतो. त्याचे हजारो रेणू माळेतील मण्यांप्रमाणे एकमेकांस जोडले, म्हणजे पॉलिथिन तयार होते. कृत्रिम धागे, रबर, रंग आणि कित्येक औषधे यांचे मूळही तेलातच आहे. तेल जाळणे म्हणजे चुलीत नोटा घालणे होय, असे रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह म्हणत, असे सांगतात.

मग वाहने कशावर चालवावीत? साखर कारखान्यात उरणाऱ्या मळीत यीस्ट हे सूक्ष्म जीव मिसळले, की तिच्यातील साखरेपासून इथेनॉल बनते. महाराष्ट्रातील अनेक कारखाने ते तयार करतात व ते पेट्रोलात मिसळले जाते. मात्र उसाला पाणी फार लागते. पाण्यातून वीज खेळविली, की हायड्रोजन सुटतो आणि तो जळाला, की पुन्हा पाणीच होते. मात्र ही वीज सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून मिळविली, तरच खरा लाभ.

ऊस पुन्हा वाढतो, सूर्य रोज उगवतो. पण उपसलेले तेल पुन्हा भरून येत नाही. जाळलेल्या तेलामागे हवा तापविणारा वायू तेवढा उरतो. त्याच तेलाची वस्तू केली, तर ती वर्षानुवर्षे उपयोगी पडते. म्हणूनच पूर्वजांकडून मिळालेल्या ठेवीप्रमाणे हे तेल जपून वापरले पाहिजे.