काटोलचा दगड आणि त्याचे मूळ घर

२२ मे २०१२ रोजी दुपारी दोन वाजून गेल्यावर नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात स्फोटासारखे आवाज झाले आणि आकाशातून दगड पडले. नंतरच्या शोधात सापडलेल्या तुकड्यांचे एकूण वजन सुमारे १३ किलो भरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यातले बरेच तुकडे गोळा केले आणि जवळच्या गावाचे नाव देण्याच्या प्रघाताप्रमाणे हा अशनी 'काटोल' या नावाने जगाच्या नोंदीत गेला. संत्र्या-मोसंबीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याचे नाव पुढे खनिजशास्त्राच्या शोधनिबंधांत वारंवार येऊ लागले. त्याला कारण ठरले त्या दगडाच्या पोटात सापडलेले काही अतिसूक्ष्म कण.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या लाखो लघुग्रहांचा एक पट्टा आहे. पृथ्वीवर पडणारे बहुतेक दगड तिथूनच निघालेले असतात. पट्ट्याच्या आतल्या, म्हणजे मंगळाकडच्या भागात खडकाळ लघुग्रह जास्त. बाहेरच्या भागात कार्बनचे प्रमाण अधिक असलेले, काळपट लघुग्रह जास्त. खडकाळ लघुग्रहांत मुख्यतः ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही सिलिकेट खनिजे असतात आणि त्यांत लोह-निकेलच्या मिश्रधातूचे कण विखुरलेले असतात. काटोलचा दगड याच घडणीचा आहे. अशा दगडांना 'साधे काँड्राइट' म्हणतात. पडताना पाहिलेल्या आणि मग सापडलेल्या अशनींपैकी सुमारे ८० टक्के याच जातीचे असतात, म्हणून ते 'साधे'. त्यांच्या इतिहासात मात्र साधे असे फारसे काही नाही.

अशा दगडाचा ताजा तुकडा हातात घेतला तर बाहेरून काळा आणि मंद दिसतो. ही काळी साल जेमतेम एक मिलिमीटर जाडीची, बहुतेक वेळा त्याहूनही पातळ असते. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने वातावरणात शिरताना पृष्ठभाग वितळतो आणि वितळलेला थर मागे उडून जातो. वेग मंदावल्यावर उरलेला शेवटचा थर गोठतो, तीच ही साल. सारा प्रकार काही सेकंदांचा असल्यामुळे उष्णता आत पोचत नाही. दगड फोडला की आत फिकट राखाडी रंग दिसतो, त्यात धातूचे चमकते ठिपके आणि कुठेकुठे काळ्या बारीक शिरा. काटोलचे दगड मे महिन्यात पडले हे नशीबच म्हणायचे. पाऊस सुरू झाला असता तर धातूच्या त्या ठिपक्यांभोवती लवकरच गंजाचे डाग धरले असते आणि अभ्यासाला मिळणारा माल तेवढा खराब झाला असता.

काटोलचा वर्ग 'एल-६' असा लावला गेला. 'एल' हा एकूण लोहाचे प्रमाण तुलनेने कमी असलेला गट. सहा हा आकडा दगड किती तापला होता ते सांगतो. सूर्यमाला घडत असताना, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, वितळलेल्या सिलिकेटचे मिलिमीटरभर आकाराचे थेंब गोठून काँड्र्यूल नावाच्या गोळ्या तयार झाल्या. धूळ, धातू आणि या गोळ्या एकत्र येऊन लघुग्रह वाढले. त्यांच्या पोटात अॅल्युमिनियमचा एक किरणोत्सारी प्रकार होता. त्याच्या उष्णतेने आतला भाग कित्येक लाख वर्षे भाजून निघाला. तीन क्रमांकाच्या दगडात गोळ्या स्पष्ट दिसतात. सहा क्रमांकाच्या दगडात खनिजांचे स्फटिक पुन्हा वाढून गोळ्यांच्या कडा पुसट झालेल्या असतात. म्हणजे काटोलचा दगड मूळ लघुग्रहाच्या सालीजवळ नव्हता, तो खोलवर आत होता. ज्या गोष्टीचा आतला भाग आपल्या शेतात येऊन पडतो, ती गोष्ट कधीतरी फुटलेली असली पाहिजे.

फुटण्याच्या खुणा त्या काळ्या शिरांत आहेत. दोन लघुग्रह सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आदळले की आघाताची लाट दगडातून धावते, काही ठिकाणी दगड क्षणात वितळतो आणि प्रचंड दाबाखाली गोठतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह काटोलच्या अशा शिरा तपासल्या आणि २०२१ मध्ये जाहीर केले की त्यांत ब्रिजमनाइट आहे, तेही लोह आणि अॅल्युमिनियम असलेले. ब्रिजमनाइट हे पृथ्वीवरचे सर्वांत मुबलक खनिज; पृथ्वीच्या आकारमानाचा तिसऱ्याहून अधिक हिस्सा त्याचा आहे. पण ते असते ६६० किलोमीटरच्या खाली, आणि तिथवर कोणतेही छिद्रणयंत्र पोचलेले नाही. ज्वालामुखीतून ते वर येत नाही, कारण दाब कमी झाला की त्याची रचना टिकत नाही. प्रयोगशाळेत ते बनवता येते, पण नैसर्गिक नमुना हवा तर अशनींकडेच जावे लागते. या खनिजाला अधिकृत नाव मिळाले २०१४ मध्ये, आणि तेही ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम या अशनीतल्या नमुन्यावरून. टेनहॅमसुद्धा 'एल-६' गटाचाच दगड आहे. काटोलमधल्या कणांचे रासायनिक प्रमाण पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या जवळ जाते, हे त्याचे महत्त्व. त्या शिरा गोठताना दाब वातावरणाच्या दोन लाख पटींहून अधिक होता असा हिशेब निघतो.

'एल' गटाच्या अनेक दगडांतले, आर्गॉन वायूवरून वय सांगणारे घड्याळ एकाच काळाकडे बोट दाखवते: सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी. या गटाचा शंभराहून अधिक किलोमीटर रुंदीचा मूळ पिंड त्या वेळी मोठ्या टकरीत सापडला. याचा पुरावा आकाशातून येतो तसा जमिनीतूनही येतो. स्वीडनमधल्या किनेकुले डोंगराजवळच्या एका खाणीत चुनखडीच्या लाद्या कापताना त्याच काळातल्या समुद्रतळात गाडले गेलेले शंभरहून अधिक जीवाश्म-अशनी सापडले आहेत, आणि ते जवळजवळ सगळे 'एल' गटाचे आहेत. फरशीला डाग नको म्हणून खाणकामगार अशा लाद्या पूर्वी फेकून देत असत.

तो पिंड नेमका कोणता, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मॅसेलिया या लघुग्रहाच्या कुटुंबाकडे निर्देश केला. मॅसेलिया हा १८५२ साली सापडलेला विसावा लघुग्रह, रुंदी सुमारे १४० किलोमीटर. त्याच्या भोवती, जवळजवळ सारख्याच कक्षांत फिरणारे असंख्य लहान तुकडे हे त्याचे कुटुंब. या कुटुंबात सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी आणखी एक मोठी टक्कर झाली आणि आज पृथ्वीवर पडणारे बरेचसे 'एल' दगड त्या दुसऱ्या टकरीतून सुटलेले असावेत, असे त्या अभ्यासाचे म्हणणे आहे. काटोलचा दगडही त्याच गटातला.

तिथून इथवरचा प्रवास सरळ रेषेतला नसतो. सूर्यप्रकाशाने तापलेला लहान दगड फिरता फिरता ती उष्णता एका बाजूने जास्त सोडतो आणि तेवढ्या नगण्य धक्क्याने त्याची कक्षा लाखो वर्षांत हळूहळू सरकते. सरकत सरकत तो सूर्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या अडीचपट अंतरावर आला की अडचणीत येतो. तिथल्या दगडाच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा गुरूची एक होते, त्यामुळे गुरूचे ओढणे पुन्हा पुन्हा त्याच जागी लागते. कक्षा लांबट होत जाते आणि अखेर पृथ्वीच्या वाटेला छेदते. मॅसेलियाची कक्षा या जागेपासून फार दूर नाही, हा योगायोग आपल्या संग्रहालयांना फळला.

लहान खडकाळ लघुग्रह जवळून दिसतात कसे, याचे पहिले उत्तर २९ ऑक्टोबर १९९१ रोजी मिळाले. गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान गॅस्प्राजवळून गेले. सुमारे १८ किलोमीटर लांबीचा, वेडावाकडा, खळग्यांनी भरलेला दगड छायाचित्रांत दिसला. मुख्य पट्ट्यातला याहून फार लहान नमुना १ नोव्हेंबर २०२३ रोजी ल्युसी यानाने पाहिला. त्याचे नाव डिंकिनेश. रुंदी पाऊण किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणाभोवतीच्या एखाद्या मध्यम डोंगराएवढा. तेवढ्याशा दगडालाही उपग्रह निघाला आणि तो उपग्रह म्हणजे एकमेकांना टेकलेले दोन गोळे आहेत. असे काही दिसेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

एक कोडे मात्र दुर्बिणीतून सुटत नव्हते. खडकाळ लघुग्रहांचा प्रकाश साध्या काँड्राइटच्या प्रकाशापेक्षा लालसर आणि मंद दिसे, त्यामुळे दोन्ही एकच आहेत का याविषयी शंका होती. जपानचे हायाबुसा यान २०१० मध्ये इटोकावा या लघुग्रहावरचे दीड हजारांहून अधिक सूक्ष्म कण घेऊन परतले. ते कण काँड्राइटचेच निघाले. त्यांच्या पृष्ठभागावर सौरवाऱ्याच्या माऱ्याने लोहाचे अतिसूक्ष्म कण तयार झाले होते आणि रंग बदलला होता तो त्यामुळे.

काटोलसारखा दगड सह्याद्रीत शोधायचा म्हटले तर काम अवघड आहे. मुळशी तालुक्याची जमीन पौडपासून ताम्हिणी घाटापर्यंत बेसॉल्टची. काळा, जड दगड पावलोपावली. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्यामुळे लोहचुंबक त्यालाही थोडाफार चिकटतो, म्हणून चुंबकाची परीक्षा इथे पुरेशी नाही. झिजलेल्या बेसॉल्टवर तपकिरी पापुद्रे चढतात आणि ते जळक्या सालीसारखे भासतात. लोखंडाच्या भट्टीतला मळही लोकांना हमखास फसवतो. दगडात बुडबुड्यांची भोके किंवा त्यांत भरलेली पांढरी खनिजे असली तर तो अशनी नसण्याचीच शक्यता फार मोठी. शिवाय ताम्हिणीचा पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसांपैकी एक. धातू असलेला दगड तिथे उघड्यावर फार काळ तग धरणार नाही. अंटार्क्टिकाचा बर्फ आणि सहाराची वाळू अशनी-शोधकांना आवडते ती याचसाठी.

खात्री होते ती प्रयोगशाळेत. दगडाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली काँड्र्यूलच्या कडा पाहतात, धातूच्या कणांत निकेल आहे का ते तपासतात आणि ऑलिव्हिनमधले लोहाचे प्रमाण मोजतात. दगड कोणत्या गटाचा ते मुख्यतः या शेवटच्या मोजमापावर ठरते. एकूण लोह जास्त असलेल्या 'एच' गटात ऑलिव्हिनमधले हे प्रमाण १६ ते २० टक्के, 'एल' गटात साधारण २२ ते २६ टक्के. संशयित दगड सापडल्यास तो न धुता, न घासता, कोरड्या कागदात गुंडाळून आणि सापडल्याची जागा लिहून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे द्यावा.