एका परिचारिकेने पाहिलेले दुःख

आम्ही इतिहासाचे शिक्षक. पण पाठ्यपुस्तकात ज्याला ओळही मिळत नाही, असा एक इतिहास येथे सांगतो. कर्करोगासारख्या आजारात आतड्याचा भाग काढावा लागला, की काही रुग्णांच्या आतड्याचे टोक पोटावर छिद्र करून बाहेर आणतात. त्यास स्टोमा म्हणतात. त्याला आवळून धरणारा स्नायू नसल्याने मलविसर्जन रुग्णाच्या स्वाधीन राहत नाही. म्हणून पिशवी लावावी लागते.

१९५४ साली डेन्मार्कमधील परिचारिका एलिस सोरेन्सन यांची बहीण थोरा हिच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली. तेव्हा धातूची वा काचेची भांडी, कापडी पट्टे वापरत. गळतीच्या भयाने थोरा घराबाहेर पडेना. शल्यचिकित्सकाचे काम संपले होते. थोराने स्वतःवर घातलेला बहिष्कार मात्र परिचारिकेलाच दिसला. एलिस यांनी अंगाला चिकटणारी, वापरून टाकता येणारी पिशवी कल्पिली. प्लास्टिक कारखानदार लुई-हान्सेन प्रथम तयार नव्हते. त्यांच्या पत्नीने, त्याही परिचारिकाच, त्यांचे मन वळविले.

परिचारिका आजही रुग्णाला प्रथम स्टोमाकडे पाहावयास शिकवितात. तो लाल, ओलसर असतो; स्पर्शाने दुखत नाही. पिशवीचे छिद्र त्याच्या मापाचे हवे, अन्यथा भोवतालची कातडी सोलवटते. पिशवी अर्धी भरण्याआधीच रिकामी करावी. स्टोमा काळपट पडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. जखम भरल्यावर आंघोळ, प्रवास, नोकरी, संसार सारे शक्य असते. आणि पालकहो, स्टोमा हा संसर्ग नव्हे. घरात असा रुग्ण असल्यास त्याचे ताट वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.